टेलच्या टाकीला पाणी

आमचा मुलूख बागलाणातला, मोसम नदीच्या काठचा. मोसम, आरम, पांझरा या नद्यांवर जुन्या काळापासून फड पद्धत चालत आली. नदीला बंधारा घालायचा, त्यातून पाट काढायचा, पाटाखालच्या जमिनीचे फड पाडायचे आणि एका फडात एकच पीक घ्यायचे, अशी ती रीत. बहुतेक खातेदारांची थोडीथोडी जमीन निरनिराळ्या फडांत असे. पाणी कमी पडले की एखादा फड कोरडा ठेवीत. त्यामुळे तूट एकट्याच्या डोक्यावर न येता सगळ्यांच्या वाट्याला येई. पाणी वाटण्याचे काम पाटकऱ्याचे. माझे आजोबा पाटकरी होते. ते म्हणत, "पाणी सोडणे सोपे, पोचवणे अवघड. पाटाच्या तोंडाशी बसून पाणी मोजू नये. शेवटच्या बाऱ्यावर जाऊन मोजावे."

आजोबांचे हे बोलणे कांद्याच्या वाफ्यांत आणि डाळिंबाच्या बागेत मला उपयोगी पडत आले होतेच. २०२४ च्या उन्हाळ्यात ते माशांच्या टाक्यांनाही लागू पडले. तीच हकीकत आज सांगावयाची आहे. माशांचा आणि आपला काय संबंध, असे वाचकांपैकी काहींना वाटेल. पण एका पंपाचे पाणी अनेक तोंडांना वाटण्याचा प्रसंग आता घरोघरी येतो. कोणाला गोठ्यातल्या गव्हाणींना पाणी द्यायचे असते, कोणाला कोंबड्यांच्या शेडमध्ये, कोणाला रोपवाटिकेत. पाण्याचा स्वभाव सगळीकडे एकच. म्हणून मासे न पाळणाऱ्यांनीही हे वाचावयास हरकत नाही.

गप्पी माशांपासून सुरुवात

आमच्या सूनबाई बारावीपर्यंत शास्त्र शिकलेल्या. एका पावसाळ्यात आरोग्य केंद्राच्या माणसांनी डासांच्या अळ्या खाण्यासाठी गावात गप्पी मासे वाटले. चार-पाच मासे आमच्या गुरांच्या हौदात पडले. गप्पी मासा अंडी घालीत नाही, मादी जिवंत पिलेच देते, आणि सुमारे महिन्या-महिन्याने देते. वर्षाच्या आत हौद माशांनी भरून गेला. सूनबाईंनी त्यांतले रंगीत शेपटीचे वेगळे काढले, मालेगावच्या दुकानातून मोली आणि प्लॅटीच्या चार जोड्या आणल्या आणि तीन-चार घमेली, दोन टिपे एवढ्या भांडवलावर उद्योग मांडला. ज्या दुकानातून जोड्या आणल्या, त्याच दुकानदाराने पुढे त्यांच्याकडून पिले विकत घेतली.

२०२३ च्या दिवाळीनंतर त्यांनी बचत गटातून चाळीस हजार रुपये कर्ज घेतले. दोन बैलांच्या जागी ट्रॅक्टर आल्यापासून आमचा जुना गोठा रिकामाच होता. तेथे लोखंडी अँगलची दोन मजली घोडी केली. खाली चार आणि वर चार अशा आठ काचेच्या टाक्या मांडल्या. एकेक टाकी तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि सव्वा फूट उंच. एक फूट पाणी धरले तर एकीत सव्वाशे लिटरच्या आसपास मावते, म्हणजे आठांत मिळून हजार लिटर.

त्याच डिसेंबरात कांद्याची निर्यात बंद झाली. भाव असा पडला, की काढणीची मजुरी आणि गाडीभाडे निघाले म्हणजे पुष्कळ, असे म्हणावयाची पाळी आली. आमच्या नातीची नाशिकच्या वसतिगृहाची फी, बचत गटाचा दरमहाचा दोन हजारांचा हप्ता, या गोष्टी कांद्यावर सोपवून चालणार नव्हते. गमतीने सुरू झालेल्या मासळीवर अशा रीतीने घराचा डोळा लागला.

घरात सगळ्यांनाच हे पसंत होते असे नाही. माझ्या आईने नव्वदी गाठली आहे. ती म्हणाली, "अगं, वैशाखात माणसांना टँकर येतो आणि तू माशांना हजार लिटर पाणी कुठून घालणार?" प्रश्न बरोबर होता. त्याचे उत्तर असे होते, की हे पाणी रोज नवे घालावयाचे नव्हते. तेच पाणी फिरवावयाचे होते.

पाणी फिरते कसे?

प्रत्येक टाकीला वरच्या कडेपासून थोडे खाली एक भोक. हा टाकीचा सांडवा. सांडव्यातून जादा पाणी खालच्या जाड पाइपात पडते आणि गाळण टाकीत येते. तिथे आधी स्पंज, मग खडी, असे थर असतात. तेथून निवळ पाणी ५०० लिटरच्या काळ्या टाकीत जमते. ही टाकी जमिनीत अर्धी पुरलेली आहे. तिच्या तळाशी पाण्यात बुडणारा लहान पंप आहे. तो हे पाणी उचलून पुन्हा आठही टाक्यांत सोडतो.

खडीचे काम नुसती घाण अडवण्याचे नव्हे. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. शेतकऱ्याला हे वेगळे सांगावयास नको. शेणखताच्या ढिगाजवळ नाकाला झोंबतो तोच हा वायू. खडीवर वाढणारे जिवाणू त्या अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. जमिनीत युरिया घातल्यावर जे घडते, तेच इथे घडते. अमोनिया माशाला विषासारखा, नायट्रेट मात्र पुष्कळसे सोसते. हे जिवाणू बसावयास चार ते सहा आठवडे लागतात. तोवर मासे थोडे आणि खाद्य त्याहून थोडे ठेवावे लागते. सूनबाईंनी तेवढा धीर धरला.

आता यावरून एक गोष्ट वाचकांच्या ध्यानात येईल. ज्या टाकीत पाणी कमी येईल, त्या टाकीतले पाणी गाळण टाकीकडे कमी जाईल. म्हणजे तिची घाण तिच्यातच राहील. बाकी सात टाक्या स्वच्छ असून त्या एकीला काही उपयोग नाही.

शेवटची टाकी

एप्रिल २०२४ मध्ये नेमके हेच झाले. वरच्या मजल्यावरची शेवटची, भिंतीकडची टाकी. तिथे सूनबाईंनी पिले देणाऱ्या मोलीच्या माद्या ठेवल्या होत्या, कारण तो कोपरा शांत, जाण्यायेण्याचा नव्हे. पहाटे त्या माद्या पाण्याच्या वर तोंड काढून घास घेतल्यासारखे करू लागल्या. चार दिवसांत सहा माद्या गेल्या. ऊन वाढले की अमोनियाची बाधा वाढते आणि पाण्यात हवाही कमी विरते, त्यामुळे दिवस उलटे होते. सूनबाई मला म्हणाल्या, "आबा, तुम्ही जरा येऊन बघा. पहिल्या टाकीला पूर आहे आणि या टाकीला नुसती संततधार."

नळकाम तालुक्याच्या गावातल्या एका कारागिराने करून दिले होते. हात साफ होता, एक सांधा गळत नव्हता. पंपातून एक इंची पाइप निघाला होता. तो आधी खालच्या चार टाक्यांवरून गेला, मग वर चढून वरच्या चारांवरून. प्रत्येक टाकीशी एक टी आणि एक तोंड, सगळी तोंडे सारखी. दिसावयास टापटीप. पण पाट असाच काढला आणि सगळी बारी सारखी मोकळी ठेवली तर काय होते, ते आपणा सर्वांस ठाऊक आहे.

मी पंधरा लिटरची बादली आणि मनगटावरचे घड्याळ घेतले. एकेका तोंडाला तात्पुरती नळी लावून बादली भरावयास किती वेळ लागतो ते लिहीत गेलो. खालच्या पहिल्या टाकीची बादली ४५ सेकंदांत भरली. म्हणजे ताशी १,२०० लिटर. पुढे आकडे उतरत गेले. वरच्या शेवटच्या टाकीची बादली भरावयास पाच मिनिटे लागली. म्हणजे ताशी १८० लिटर. एकाच पंपाचे पाणी, एकाच मापाची तोंडे, आणि पहिल्याला शेवटच्यापेक्षा साडेसहा पटींहून अधिक. आई दारात बसून बघत होती. ती म्हणाली, "पंगतीत वाढप्याने पहिल्या पानावरच ओगराळे रिकामे केले, तर शेवटच्याला कढीतले पाणीच मिळायचे."

असे का होते?

कारणे दोन. पहिले उंचीचे. पंपावर ताशी ८,००० लिटर असा आकडा छापलेला होता. तो आकडा पाणी मुळीच न उचलता मिळणारा. त्याखाली बारीक अक्षरात ४ मीटर असे लिहिलेले होते. त्याचा अर्थ चार मीटर उंचीवर या पंपाचे पाणी थांबते, थेंबही पडत नाही. मधल्या उंचीवर मधले पाणी. म्हणून पंप घेताना पहिला आकडा बघून भुलू नये. आपल्या उंचीला किती पाणी मिळेल ते विचारावे. विहिरीची मोटर घेताना आपण हेड विचारतोच, तसेच हे. आमच्या वरच्या टाक्यांची तोंडे खालच्या टाक्यांपेक्षा अडीच फूट उंच होती. पाण्याला खालीच मोकळे तोंड मिळाले, तर ते वर चढण्याचा त्रास घेत नाही.

दुसरे कारण पाइपातल्या घर्षणाचे. पाइप जितका लांब, जितका अरुंद आणि जितकी वळणे जास्त, तितका जोर वाटेत मरतो. यात रुंदीचा हिस्सा फार मोठा आहे. तेवढेच पाणी दुप्पट व्यासाच्या पाइपातून नेले, तर घर्षणात मरणारा जोर जवळजवळ बत्तिसाव्या हिश्शावर येतो. पाइपाच्या दुकानात दोन पैसे वाचवून आपण पुढे जन्मभर वीज जाळतो, ती अशी.

पहिला उपाय सोपा होता. प्रत्येक तोंडाला व्हॉल्व्ह लावायचा आणि जवळच्या टाक्यांचे व्हॉल्व्ह थोडे आवळायचे. तसे करून पाहिले. पाणी सारखे झाले खरे, पण एक आवळला की बाकी सातांचे पाणी बदलते. संध्याकाळपासून रात्री अकरापर्यंत आम्ही सासरे-सून व्हॉल्व्हच फिरवीत होतो. आणि सकाळी एका टाकीतले मासे काढण्यासाठी एक व्हॉल्व्ह बंद केला, की सगळा मेळ पुन्हा बिघडला. ज्या व्यवस्थेत रोज कोणी तरी पहारा ठेवावा लागतो, ती व्यवस्था टिकत नाही. पाइप बदलल्याशिवाय गत्यंतर नव्हते.

नवे नळकाम

ठिबक बसवलेल्या शेतकऱ्याला यातले अर्धे आधीच माहीत असते. सबमेन जाड, लॅटरल बारीक, आणि शक्य तिथे सबमेन शेताच्या मधून न्यावयाची, म्हणजे दोन्ही बाजूंच्या नळ्यांची लांबी निम्मी होते. तोच धडा गोठ्यात गिरवला.

पंपाच्या तोंडापासून लगेच पाइप जाड केला आणि दोन फाटे काढले, एक खालच्या मजल्याचा, एक वरच्या मजल्याचा. प्रत्येक फाट्याच्या सुरुवातीला एक मोठा बॉल व्हॉल्व्ह. उंचीचा फरक या दोन व्हॉल्व्हांनी काढावयाचा. खालचा जरा आवळला की वरच्याला जोर मिळतो. हे काम एकदाच करावे लागते.

मजल्यावरचा आडवा पाइप ४० मिलिमीटरचा घेतला. त्याचा हिशेब असा. टाकीच्या तोंडाचा पाइप आतून १६ मिलिमीटर. १६ चा वर्ग २५६. एका मजल्यावर अशी चार तोंडे, म्हणजे १,०२४. आडव्या पाइपाच्या आतल्या मापाचा वर्ग यापेक्षा जास्त असावा. ४० चा पाइप आतून ३६ च्या सुमारास असतो. ३६ चा वर्ग १,२९६. जमले. मुख्य पाइपाचे पोट सगळ्या तोंडांच्या बेरजेपेक्षा मोठे असले, की पाणी त्यात धावत नाही, हौदासारखे भरून राहते, आणि प्रत्येक तोंडाला सारखाच जोर मिळतो.

उभा पाइप घोडीच्या टोकाला न चढवता मध्यावर चढवला. त्यामुळे प्रत्येक बाजूला दोनच टाक्या आल्या आणि 'शेवटची टाकी' फक्त साडेचार फुटांवर आली. जागा असेल तर आडव्या पाइपाची दोन्ही टोके जोडून कडे करावे, म्हणजे प्रत्येक तोंडाला दोन्हीकडून पाणी येते. आमच्याकडे भिंत आड आली, म्हणून कडे केले नाही. त्यावाचून अडलेही नाही.

आणखी एक तोंड मुद्दाम काढले. ते पंपाजवळून निघून व्हॉल्व्हमार्गे परत गाळण टाकीत पडते. जादा पाणी तिकडे सोडता येते. तेवढे पाणी जास्तीचे गाळूनही निघते. एखादी टाकी धुण्यासाठी बंद करायची असेल, तेव्हा हे तोंड थोडे मोकळे करावे, म्हणजे बाकीच्या टाक्यांवर लोट येत नाही. पंपाच्या पुढचा व्हॉल्व्ह आवळलेला चालतो. मात्र पंपाची ओढ, म्हणजे पाणी खेचणारी बाजू, कधीही आवळू नये.

वळणांसाठी काटकोनी एल्बो न वापरता जिथे जमेल तिथे लांब बेंड वापरले. पंपाजवळ एक युनियन बसवली. पंप साफ करावयास काढताना करवत लागू नये, हा हेतू. पितळेचे आणि तांब्याचे भाग कुठेही ठेवले नाहीत, कारण तांब्याचा अंश माशांना बाधतो. सोल्युशन लावलेले सांधे पुरा एक दिवस वाळू दिले, मग पाइपातून साधे पाणी काढून ते फेकून दिले आणि त्यानंतरच जोडणी केली. तेवढा वेळ टाक्यांत हवेची नळी सोडून ठेवली होती.

सगळे झाल्यावर पुन्हा बादली आणि घड्याळ. आठ तोंडांपैकी कोणतीही बादली १०५ सेकंदांच्या आत भरली नाही आणि कोणतीही १२० सेकंदांच्या पुढे गेली नाही. म्हणजे प्रत्येक टाकीला ताशी साधारण पाचशे लिटर. टाकीतले सगळे पाणी तासाला चार वेळा बदलते. माशांना एवढे पुरे.

वीज गेल्यावर काय?

हा प्रश्न शहरातल्या हौशी माणसाला वर्षातून एकदा पडत असेल, आपल्याला रोज पडतो. पंप थांबला की पाणी उलटे फिरते. टाकीत पाणी सोडणाऱ्या नळीचे तोंड जर पाण्यात चार इंच बुडालेले असेल, तर तीच नळी आता टाकीतले पाणी खाली ओढू लागते, आणि तोंड उघडे पडेपर्यंत ओढते. आमच्या टाकीत एक इंच पाणी म्हणजे साडेदहा लिटर. चार इंच आणि आठ टाक्या, म्हणजे जवळजवळ ३४० लिटर. खालच्या ५०० लिटरच्या टाकीत आधीच ३५० लिटर असतात, रिकामी जागा दीडशेची. उरलेले १९० लिटर गोठ्याच्या जमिनीवर. एका रात्री तसे झालेही, आणि शेजारी रचलेल्या कांद्याच्या गोण्या खालून भिजल्या. वीज परत आल्यावर वरच्या टाक्या भरता भरता खालची रिती होते आणि पंप कोरडा फिरून जळतो, तो धोका वेगळाच.

याला महाग उपाय लागत नाही. प्रत्येक नळीला पाण्याच्या पातळीखाली अर्धा इंचावर सहा मिलिमीटरचे भोक पाडावे. पाणी अर्धा इंच उतरले, की भोकातून हवा शिरते आणि ओढ तुटते. मोठ्या नळीने टिपातले डिझेल काढताना नळीत हवा शिरली की धार तुटते, त्यातलाच प्रकार. आता वीज गेल्यावर पाइपातले धरून साठ-सत्तर लिटरच खाली येतात. हे भोक शेवाळाने बुजते, म्हणून आठवड्यातून एकदा काडीने साफ करावे. उलटे पाणी अडवणारा व्हॉल्व्ह बाजारात मिळतो, पण त्याच्या झडपेवर चिकटा बसला की तो पुरता मिटत नाही. त्याच्या एकट्याच्या भरवशावर राहू नये. खालच्या टाकीवर रंगाने दोन रेघा ओढून ठेवाव्यात, पंप चालू असतानाची एक आणि बंद झाल्यानंतरची एक. खालच्या रेघेच्या खाली पाणी गेले की भर घालावी. वरच्या रेघेवर गेले तर कुठे तरी भोक बुजले असे समजावे.

सांडव्याविषयी दोन शब्द. आत येणाऱ्या पाण्यामागे पंपाचा जोर असतो, बाहेर जाणारे पाणी आपल्या वजनानेच जाते. म्हणून सांडव्याचा पाइप येणाऱ्या पाइपाच्या दुप्पट तरी जाड ठेवावा आणि त्याच्या तोंडाला जाळी बसवावी, नाही तर पिले वाहून जातात. ज्याचा सांडवा लहान, त्याचा बांध फुटणार, हे धरणाला खरे तसेच टाकीलाही.

विजेच्या बाबतीत मात्र काटकसर करू नये. पाणी आणि वीज एकत्र आली म्हणजे काय होते, ते मोटरीच्या पेटीपाशी गेलेल्या किती तरी माणसांच्या घरांना ठाऊक आहे. गोठ्याच्या जोडणीला ३० मिलिअँपिअरवर तुटणारा गळती-संरक्षक स्विच बसवून घेतला. पंपाची वायर बोर्डाकडे सरळ न नेता मध्ये खाली झोळ देऊन नेली, म्हणजे वायरीवरून ओघळणारे पाणी झोळाच्या तळाशी ठिबकते, बोर्डात जात नाही. आणि हात पाण्यात घालण्याआधी स्विच बंद, हा नियम नातीपासून आईपर्यंत सगळ्यांना घातला. वीज लांबली तर बॅटरीवर चालणारा हवेचा लहान पंप चालू करतो आणि वीज येईपर्यंत माशांना खाद्य घालीत नाही.

हिशेब

जून २०२४ पासून शेवटच्या टाकीत मेलेली मोली निघाली नाही, असे म्हणणार नाही. जनावर आहे, मरणारच. पण एका टाकीत जास्त आणि दुसरीत कमी, असा भेद राहिला नाही. मालेगावच्या जोडीला नाशिकचेही एक दुकान लागले. सूनबाईंनी बचत गटाचा एकही हप्ता चुकवला नाही आणि नातीच्या वसतिगृहाची त्या वर्षीची फी मासळीतून गेली. फार मोठी रक्कम नव्हे, पण ज्या वर्षी कांद्याने हात वर केले त्या वर्षी ती आली, म्हणून तिची किंमत. पाणी म्हणाल, तर आठवड्याला शंभर-सव्वाशे लिटर बदलतो आणि उन्हाने आटते तेवढी भर घालतो. काढलेले पाणी परसातल्या मिरची-वांग्याला जाते. त्यात नायट्रेट असते, त्यामुळे झाडे काळोखी धरतात. आईचा टँकरचा प्रश्न असा सुटला. मिरच्या तीच तोडते.

ज्या भगिनींना असा उद्योग करावयाचा असेल, त्यांनी जिल्ह्याच्या मत्स्य व्यवसाय कार्यालयात चौकशी करावी. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत परसातल्या शोभिवंत माशांच्या संगोपनालाही जागा दिलेली होती. आज काय मिळते ते तिथेच विचारून घ्यावे. मात्र आधी दोन टिपांत पिले वाढवून बघावीत आणि जवळचे दुकान ती घेते का ते पाहावे. आठ टाक्यांचा विचार त्यानंतर.

विहिरीवरची बादली

ही गोष्ट इथे संपली असती. पण २०२५ च्या मार्चात सूनबाईंनी मला एक प्रश्न विचारला. माझी आणि माझ्या धाकट्या भावाची विहीर सामाईक आहे. वडील असताना पंचांनी वाटणी करून दिली, तेव्हापासून पाण्याचे तास निम्मे-निम्मे. शेतीची वीज आठ तास, म्हणून चार तास माझे, चार त्याचे. तरी त्याचे गहू दर साली माझ्या गव्हाच्या मागे आणि बोलण्यात दर साली एक कडवट शब्द. तो म्हणे, पाणी पुरत नाही. घरातले म्हणत, तास तर सारखे आहेत. दोघेही खरेच बोलत होते. दोन्ही घरांच्या बायका हळदीकुंकवाला एकमेकींकडे जात, पण बोलणे तोंडदेखले.

सूनबाई म्हणाल्या, "आबा, काकांच्या बांधावरही एकदा बादली लावून बघायची का?"

बादली तिथे पुरी पडली नसती. दोनशे लिटरचे टीप नेले. माझ्या शेतात पाइपाच्या तोंडाशी ते ४० सेकंदांत भरले. भावाच्या शेतात ६५ सेकंद लागले. त्याची पाइपलाइन माझ्यापेक्षा बाराशे फूट लांब, आणि वाटेत तीन वळणे. टाक्यांची गोष्ट होती तीच. तास सारखे होते, पाणी सारखे नव्हते.

भाऊ टिपाकडे बघत उभा राहिला. म्हणाला, "दादा, पुन्हा एकदा भर." पुन्हा भरले. पुन्हा तेवढेच. मग आम्ही बांधावरच बसून काडीने मातीत हिशेब केला. आठ तासांतले पाच त्याला आणि तीन मला धरले, तर दोघांच्या शेतात पाणी जवळपास सारखे पडते. त्या दिवसापासून तसेच चालू आहे. पुढे जमेल तेव्हा त्याच्याकडचा पाइप जाड करून घेण्याचे ठरले आहे, म्हणजे तास पुन्हा समान करता येतील. त्या खर्चात मीही निम्मा वाटा उचलणार, कारण विहीर दोघांची आहे. वाटणीचा कागद बदलावा लागला नाही, पंच बोलवावे लागले नाहीत.

शेतकरी बंधुभगिनींनो, ज्यांच्याकडे एकाच पंपावर दोन, चार, आठ तोंडे आहेत, त्यांनी या आठवड्यात एक काम करावे. बादली आणि घड्याळ घेऊन प्रत्येक तोंडाशी जावे, शेवटच्यापासून सुरुवात करावी आणि आकडे वहीत मांडावेत. खर्च काहीच नाही. मग व्हॉल्व्ह आवळायचा, पाइप जाड करायचा की तास बदलायचे, ते त्या आकड्यांवरून ठरवता येईल. घरातल्या शिकत्या मुलामुलींना हे काम सोबत घेऊन करावे. गणित त्यांचे पक्के होते आणि पाणी कुठे मुरते ते आपल्याला कळते.